बघण्यासारखं काही नाही

स्टीव्हनेजमध्ये पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं माझी माफी मागितली. स्वतःच्या गावाबद्दल. म्हणाला, लंडन अर्ध्या तासावर आहे, केंब्रिजही जवळच, शनिवार-रविवार तिकडे जात जा, इथे बघण्यासारखं काही नाही. मी हसून मान डोलावली, पण आतून दचकलो. कारण हे वाक्य माझं होतं. गेली कित्येक वर्षं मी ते शहापूरबद्दल बोलत आलो होतो, आणि अगदी याच सुरात. आधी आपणच कमीपणा घ्यायचा, म्हणजे समोरच्याला तशी संधी मिळत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. कंपनीनं नऊ आठवड्यांसाठी तिकडे पाठवलं होतं. ऑनसाइट म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर बिग बेन, माझ्याही. प्रत्यक्षात मिळालं एक साधं, चौकोनी इमारतींचं गाव. इंजिनिअरिंगला असताना कुणी विचारलं, "कुठला रे तू?" तर मी म्हणायचो, "कल्याणच्या पुढे." फार खोदलं तर, "आसनगाव." कारण ते निदान लोकलच्या इंडिकेटरवर दिसतं. शहापूर म्हणायचो नाही. म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "काय आहे तिकडे?" काय सांगणार? तहसील कचेरी, एसटी स्टँड, कचेरीसमोर झेरॉक्स आणि स्टँपपेपरवाले, मोबाइलची दुकानं, हायवेवरचे ढाबे, संध्याकाळी स्टेशनवरून गावात येणाऱ्या शेअर रिक्षांची रांग. माहुलीचा किल्ला आहे खरा. ट्रेकर येतात, सुळक्यांचे फोटो काढतात, आसनगावहून परत लोकल धरतात. गावात कुणी येत नाही. यायचं कारण नाही.

आता मला वाटतं की 'बघण्यासारखं' या शब्दातच एक लबाडी आहे. कुणासाठी बघण्यासारखं, ते तो शब्द सांगत नाही. बघणारा कुठूनतरी बाहेरून येणार, दोन दिवस राहणार, आणि त्याच्या फोनमध्ये मावेल ते बघण्यासारखं. बाकीचं नुसतं असणारं. जगातली बहुतेक माणसं या नुसत्या असणाऱ्या जागांत राहतात.

स्टीव्हनेज तसं जुनं खेडं, पण आजचं शहर बसवलं गेलं दुसऱ्या महायुद्धानंतर. बॉम्बनं पडलेली घरं आणि गर्दी यांनी लंडन मेटाकुटीला आलं होतं, तेव्हा लोकांना बाहेर हलवण्यासाठी नवी शहरं वसवायचा कायदा झाला आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये स्टीव्हनेजचं नाव सगळ्यात आधी जाहीर झालं. गावकरी भडकले. त्याच वर्षी मे महिन्यात मंत्री लुइस सिल्किन सभेला आले होते, तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, गाडीच्या चाकांतली हवा सोडली, पेट्रोलच्या टाकीत वाळू घातली. पुढे कुणीतरी रेल्वे स्टेशनवर 'सिल्किनग्राड' अशी पाटी लावली. मंत्र्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की तुम्ही कितीही ओरडलात तरी हे होणार आहे. आणि झालं. मी राहिलो ते हेच गाव: १९५९ साली राणीच्या हस्ते खुला झालेला, गाड्यांना बंदी असलेला बाजारचौक, मधोमध घड्याळाचा मनोरा, सायकलींसाठी रस्त्याखालून काढलेले बोगदे, एकासारखी एक घरं.

ज्या दिवशी कंटाळा असह्य झाला त्या दिवशी मी गावाच्या कडेनं चालत सुटलो. वीसेक मिनिटांत घरं संपली आणि शेतं लागली. मे महिना. मोहरीसारख्या दिसणाऱ्या पिकाचा पिवळाधमक पट्टा टेकडीपर्यंत गेलेला. कुंपणात एक लाकडी फाटक होतं, शेजारी खांबावर बाण आणि 'सार्वजनिक पाऊलवाट' अशी पाटी. मी थबकलो. समोर उघड उघड कुणाचंतरी खासगी शेत होतं. आपल्याकडच्या सवयीनं मी आधी कुत्रं आहे का ते पाहिलं. तेवढ्यात एक आजीबाई काठी टेकत आल्या, फाटक ढकललं आणि सरळ पिकातून चालू लागल्या. नीट पाहिलं तेव्हा कळलं, पिकाच्या मधून एक उघडा पट्टा सोडलेला होता. पेरणी करताना वाट मोडली तरी शेतकऱ्याला ती पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. जमीन त्याची, पीक त्याचं, पण वाट सगळ्यांची.

रात्री खोलीवर येऊन वाचत बसलो. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता, विनाअडथळा चालत आले असतील, तर ती वाट सार्वजनिक आहे असं तिथला कायदा धरून चालतो. मालकाला तसं नको असेल तर ते त्यानं दाखवून द्यायचं. म्हणजे नुसतं चालून हक्क तयार होतो. विकत न घेता, नावावर न करता, पायांनी. मला हे एखाद्या देखण्या अल्गोरिदमसारखं वाटलं. लंडनमध्ये नंतर पुष्कळ काही पाहिलं, त्यातलं फारसं आठवत नाही. त्या पिवळ्या शेतातला हातभर रुंद उघडा पट्टा मात्र आठवतो.

आता इकडचं सांगतो. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके म्हणजे जाण्याची जागा. म्हणजे इथून सगळं जातं. सातवाहनांच्या काळात घाटावरचा व्यापार नाणेघाटातून उतरून मुरबाडच्या बाजूनं कल्याण बंदराकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. (खरं-खोटं त्या रांजणाला माहीत. पण निदान जाणाऱ्यानं काहीतरी टाकून जावं, ही कल्पना तेव्हा होती.) नंतर कसाऱ्याच्या घाटातून रेल्वे गेली. आग्रा रोड गेला. आता समृद्धी महामार्ग गेला. जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला तो शहापूर तालुक्यातूनच. सरळंब्याजवळ त्याच्या कामात ऑगस्ट २०२३ मध्ये गर्डर कोसळून वीस माणसं गेली. त्या रस्त्यावरून ताशी सव्वाशेनं जाणाऱ्याला डावीकडचा डोंगर कोणता, हे विचारायला सवड नसते.

आणि पाणी. तानसा धरण १८९२ चं. त्यानंतर मोडकसागर, मग भातसा. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी लागतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसातून येतं. दर जुलैत बातम्या येतात: तानसा भरून वाहू लागलं, सात तलावांत इतके टक्के साठा. ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडतात. त्याच शहापूर तालुक्यात फेब्रुवारी-मार्चपासून टँकर सुरू होतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, हे आमच्याकडे इतक्या वेळा छापून आलंय की त्याची धार गेलीय. त्यावर उपाय म्हणून जी मोठी योजना आखली गेली ती अशी, की शहापूरच्या गावपाड्यांना पाणी द्यायचं नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून. एखाद्या ज्युनिअरनं असं आर्किटेक्चर रिव्ह्यूला आणलं असतं तर आम्ही त्याला हसलो असतो. पण इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं ते चूक नाही. भातसा खाली आहे, पाडे वर आहेत, भावली त्याहून वर आहे. पाणी उताराकडे वाहतं. माणसांच्या बाबतीत ते पैशाकडेही वाहतं, पण तो भाग पाठ्यपुस्तकात नव्हता.

मी भांडुपला भाड्यानं राहतो. नळ उघडतो तेव्हा माझ्या गावचं पाणी मला मिळतं, जे गावात असताना मार्चनंतर दिवसाआड मिळायचं. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि अपराधीपणानंही नाही. नुसती पाइपलाइन सांगतोय.

मुरबाडचा एक किस्सा सांगायलाच हवा. माझं आजोळ धसईच्या बाजूला. नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ ला, धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. वडापाववाल्याकडे स्वाइप मशिन, भाजीवालीकडे स्वाइप मशिन, गावात चॅनेलवाल्यांच्या गाड्या. मी सेकंड इयरला होतो. हॉस्टेलच्या टीव्हीवर आमच्या बाजारपेठेतला ओळखीचा दुकानदार दिसला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडून सांगितलं, "अरे, हे माझ्या आजोळचं!" त्याच वर्षी मार्चमध्ये मुरबाड तालुक्यातल्याच फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली होती. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून मुळाक्षरं गिरवायच्या. तिलाही जगभरच्या कॅमेऱ्यांनी टिपलं. मला दोन्हींचा अभिमान वाटला, अजून वाटतो. फक्त नंतर एक गोष्ट लक्षात आली. त्याच धसईत माझी आजी सत्तर वर्षं भात लावत होती, राब भाजत होती, लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून दिवस काढत होती. तेव्हा मी कधी कुणाला सांगितलं नाही, हे माझं आजोळ. कॅमेरा आल्यावर सांगितलं. म्हणजे बघण्यासारखं काय, हे मला दुसऱ्याच्या डोळ्यांनी कळलं. आज मी ज्या टीममध्ये आहे ती पेमेंटचंच सॉफ्टवेअर लिहिते. धसईतल्या त्या मशिनची आठवण मी मीटिंगमध्ये विनोद म्हणून सांगतो, आणि घरी आल्यावर मला तो विनोद आवडत नाही.

हे सगळं आठवायला कारण घडलं ते गेल्या जूनमध्ये. डोळखांब रस्त्याला आमची एकरभर जमीन आहे. भाताची नाही, वरकस. माळ म्हणा. नाचणी-वरी पिकायची, आता गवत होतं. आजोबा म्हणायचे, या तुकड्यानं आपल्याला काही दिलं नाही. त्या तुकड्यासाठी आता एक एजंट बाबांकडे येतोय. का? कारण तिथून माहुलीचे सुळके दिसतात. "माहुली व्ह्यू आहे साहेब," तो म्हणाला. पार्टी ठाण्याची आहे, शेतकरी दाखला आहे त्यांच्याकडे, वीकेंडला यायला घर बांधायचंय. जी जमीन पोट भरू शकली नाही ती आता नजर भरणार म्हणून महाग झाली. त्या पैशात माझं डाउन पेमेंट होतं. डिसेंबरमध्ये लग्न आहे. भांडुपचं घर भाड्याचं आहे, आणि बाबा म्हणाले, "मला काय करायचीय? तू ठरव."

मी ठरवलंच होतं. कागदावर बोट ठेवायचं बाकी होतं. मग जागा दाखवायला एजंटबरोबर सकाळी गेलो, आणि आमच्या माळावरून डोक्यावर हंडे घेतलेल्या पाच बायका चालत गेल्या. पलीकडच्या कातकरी वाडीतल्या. विहीर खालच्या अंगाला आहे. लहानपणापासून मी त्यांना तिथून जाताना पाहत आलोय. त्याच वाटेनं त्या सरपणाला जातात, पहिला पाऊस पडला की शेवळं काढायला जातात आणि मग काकडांसकट वाटे करून हायवेला विकायला बसतात. वाट आहे म्हणून कधी लक्षातही आलं नव्हतं. हवा असते तशी ती होती.

एजंट म्हणाला, "याचं काही टेन्शन नाही. पार्टी कंपाउंड घालणार. सातबाऱ्यावर वाट नाहीये."

बरोबर आहे, नाहीये. मी तपासलं. वळसा घालून गेलं तर विहीर पाऊण तास लांब पडते, हेही चालून तपासलं. कायदाही वाचला. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे आणि गंमत म्हणजे त्यातही मुदत वीसच वर्षांची. वीस वर्षं उघड, शांततेत, अखंड वापर केलात तर वहिवाटीचा हक्क मिळतो. पण हा हक्क मुळात एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर मिळतो. तहसीलदाराकडे रस्त्याचा अडथळा काढायला मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा आहे, तोही प्रामुख्यानं शेतकऱ्याला शेतात जाता यावं यासाठी. वाडीतल्या अनेकांची घरंच दुसऱ्याच्या जागेत आहेत. थोडक्यात, वाट मागायला आधी जमीन लागते. रूढीचा हक्क म्हणून दावा करता येतो, पण तो करायचा कोणी? वीटभट्टीवर सहा महिने राहणाऱ्या माणसानं, तारखांना हजर राहून?

तेव्हा माझ्या मनात आलं: कायदा माझ्या बाजूनं आहे. मग अडचण काय आहे?

अडचण घरातल्या लोखंडी पेटीत होती. खरेदीसाठी कागद काढायला घेतले, तर सगळ्यात खाली ३२ म चं प्रमाणपत्र. ही जमीन आमच्या पणजोबांनी विकत घेतली नव्हती. ते कूळ होते. जमीन होती सावकाराची, पिढ्यान्‌पिढ्या. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जो कसत होता तो मालक झाला. सरकारनं ठरवलेली किंमत हप्त्यांनी भरली, प्रमाणपत्र मिळालं. एजंटला हे सगळं तोंडपाठ आहे. "कुळाची असली तरी काय नाय, शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरला की मोकळी," म्हणाला. मोकळी. पण आम्ही इथे कशाच्या जोरावर उभे आहोत? कागदाच्या नाही. कागद नंतर आला. आधी पणजोबांचे पाय आणि हात आले. राज्य म्हणालं, कागद सावकाराचा असेल, पण तुम्ही इतकी वर्षं या मातीत राबलात, तो दावा कागदाहून मोठा आहे. कसेल त्याची जमीन.

मग चालेल त्याची वाट का नाही?

एकदा हा प्रश्न पडला की तो जात नाही. ज्या तत्त्वानं मला जमीन दिली तेच तत्त्व मी दुसऱ्याला नाकारतोय, आणि नाकारताना पुढे करतोय ते सावकाराचं तत्त्व: कागद दाखव. आमच्या पणजोबांना कुणी कागद दाखव म्हटलं असतं तर मी आज इंजिनिअर नसतो, कुणाच्यातरी शेतावर असतो.

होणाऱ्या बायकोला हे रात्री फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मग या हिशोबानं मुंबईचाही पाण्यावर हक्क झाला की. १८९२ पासून पितायत." मी गप्प. ती वकील नाही, फार्मासिस्ट आहे, पण नेमकं बोट ठेवते. खरंच, वापरानं हक्क तयार होत असेल तर सव्वाशे वर्षं पाणी पिणाऱ्या शहराइतका जुना वापर कुणाचा? दोन-तीन दिवस मी या एकाच मुद्द्याभोवती फिरत होतो. मला आत्ता सुचतं ते इतकंच: वाटेवरून एक बाई गेली म्हणून दुसरीला वाट कमी पडत नाही. आजीबाई पिकातून गेल्या तरी शेतकऱ्याचं शेत शेतकऱ्याकडेच राहतं. पाइपमधून गेलेलं पाणी मात्र गेलं. पहिल्या वापरात मालकाला थोडी जागा करून द्यावी लागते, दुसऱ्यात कुणालातरी उठावं लागतं. त्यामुळे दोन्ही वापर एका तराजूत घालता येणार नाहीत. पण मुंबईचा काहीच हक्क नाही, असंही मी म्हणू शकत नाही. तहानलेल्या माणसाला तुझी पाइपलाइन चुकीच्या नीतीवर उभी आहे, असं सांगता येत नाही. मी स्वतः ते पाणी पितो. सिल्किनसाहेबही खोटं बोलत नव्हते. लंडनच्या लोकांना घरं खरंच हवी होती.

प्रश्न बहुधा घेतलं का, हा नाहीच. घेताना समोर कुणी आहे, हे दिसलं होतं का, हा आहे. स्टीव्हनेजच्या ऑफिसात एक वेल्श सहकारी होता. त्यानं मला त्रिवेरिन खोऱ्याची गोष्ट सांगितली होती. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून वेल्समधलं कापेल केलिन नावाचं खेडं १९६५ साली धरणाखाली गेलं. शाळा, चर्च, पोस्ट, सगळं. वेल्सच्या जवळपास सगळ्या खासदारांचा विरोध असूनही. रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर कुणीतरी वेल्श भाषेत 'त्रिवेरिन विसरू नका' असं रंगवलं, ती भिंत अजून आहे, खराब केली तर लोक पुन्हा रंगवतात. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपरिषदेनं माफी मागितली. चाळीस वर्षांनी. माफीनं काय झालं, मी विचारलं. पाणी परत नाही आलं, तो म्हणाला, पण आमच्या आजोबांना वेड लागलं नव्हतं हे कळलं.

भातसाच्या पोटातही गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आमच्याकडचे जुने लोक बोट करून सांगतात, तिथे देऊळ होतं, तिथे आमची खाचरं. मी हे लहानपणी शेकडो वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मोबाइलमध्ये बघत 'हो का' म्हटलंय.

माझ्या मित्राचं मत सोपं आहे. "तू विकली नाहीस तर शेजारचा विकेल. कंपाउंड येणारच. तुझं डाउन पेमेंट तेवढं जाईल." हा युक्तिवाद मला गणित म्हणून खोडता येत नाही. आणि होणाऱ्या बायकोनं अजून एक विचारलं, जे जास्त लागलं: "तुला वाटेची काळजी आहे, की आपण चांगले आहोत हे स्वतःला पटवायचंय?" दोन्ही, असं खरं उत्तर आहे. त्यातलं किती टक्के काय, मला माहीत नाही. पण हंड्याला त्यानं फरक पडत नाही.

मग मी एक काम केलं जे मला येतं. एका शनिवारी सकाळी वाडीत जाऊन विचारलं, तुमच्याबरोबर चालू का? त्या हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "शिकलेला पोरगा, पाण्याला येतोय." फोनमध्ये जीपीएस चालू करून त्यांच्या मागून विहिरीपर्यंत गेलो आणि आलो. रिकाम्या हातानं मला धाप लागली. वाटेत विचारलं, वाडीत नळ नाही का आला? योजना झालीय ना?

"आलाय की नळ," मावशी म्हणाल्या. "पाणी यायचंय."

संध्याकाळी ती वाट ओपनस्ट्रीटमॅपवर टाकली. माहुलीच्या पायथ्याच्या हिरव्या पोकळीत एक बारीक तुटक रेघ. प्रकार: पाऊलवाट. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "नकाशावर आली म्हणजे वाट झाली का?" नाही, म्हटलं, कायद्यानं काहीच झालं नाही. "मग?" मग काय, ते मलाही सांगता आलं नाही. इतकंच की 'सातबाऱ्यावर वाट नाहीये' म्हणणाऱ्याला आता निदान एका ठिकाणी तरी ती दिसेल.

एजंटला सांगितलंय की खरेदीखतात कडेनं सहा फुटांची पट्टी वाटेसाठी सोडायची, तशी नोंद करायची, आणि कंपाउंड तिच्या आत घालायचं. तो म्हणाला, मग भाव पडेल. किती पडेल तेही त्यानं लगेच सांगितलं. माझ्या हिशोबानं तो आकडा म्हणजे घरासाठी अजून दोन वर्षांचं थांबणं. परवडेल का? ओढाताण होईल. ती म्हणाली, दोन वर्षं ठीक आहे, तीन नको.

पार्टीचं उत्तर अजून आलेलं नाही. त्यांना जागा एकदा प्रत्यक्ष बघायचीय, कुटुंबासकट, येत्या रविवारी. एजंटनं विचारलं, अकराला ठेवू? नाश्ता-बिश्ता करून निवांत येतील, तेव्हा सुळकेही स्पष्ट दिसतात. मी म्हटलं, नको, सातला बोलवा. बायका तेव्हा विहिरीवरून परत येत असतात.